खऱ्या-खोट्या गोळ्यांची पंगत

सुनेनं नवऱ्याला नावानं हाक मारावी, सांबारात गूळ टाकावा, सणाच्या दिवशी केस मोकळे सोडून ऑफिसला जावं, हे सगळं कनकाबाईंनी पोटात घातलं होतं. मुलगी पुण्याची, तिथल्या पाण्यालाच वळण नाही, असं म्हणून त्यांनी देवासमोर तिच्या वतीनं माफीसुद्धा मागून ठेवली होती. पण पंक्तिप्रपंच? घरच्या सुनेनं गल्लीतल्या बायकांना एका पंगतीला बसवावं, आणि एकीच्या पानात खरं, दुसरीच्या पानात खोटं वाढावं? हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"अहो, ऐकता का? तुमच्या सुनेनं गल्लीत पंक्तिप्रपंच मांडलाय."

पद्मनाभराव पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सकाळचा पेपर दुपारच्या कापीपर्यंत, म्हणजे कॉफीपर्यंत, पुरवून वाचत. पेपरामागूनच ते म्हणाले, "मांडू दे."

"मांडू दे काय? अर्ध्या बायकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना खडू!"

"खडू?"

"खडू. पांढरा. शाळेतला. मी माझ्या कानानं ऐकलंय."

कनकाबाई चोरून ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्या मधली भिंत पातळ होती, आणि भिंत किती पातळ आहे हे कान लावल्याशिवाय समजत नाही, एवढीच गोष्ट. पलीकडे सून अदिती नवऱ्याला, विजयेंद्रला, इडली खाता खाता सांगत होती, की निम्म्या बाटल्यांत औषधाची गोळी आहे, निम्म्यांत नुसती तशीच दिसणारी. कोणाला कोणती मिळाली ते खुद्द अदितीलासुद्धा माहीत नाही. त्याची यादी अड्यारच्या ऑफिसात एका कपाटात कुलूप लावून ठेवलीय.

वाढणारीला ठाऊक नाही, पानात काय पडलं! कनकाबाईंनी कपाळाला हात लावला आणि मगच भिंतीवरचा कान काढला.

आता हे गोळ्यांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत, पार्थसारथीच्या देवळामागच्या गल्लीत, कनकाबाईंचं तंजावरी मराठी घर. मुलगा विजयेंद्र मोटारींच्या कारखान्यात, आणि सून अदिती अड्यारच्या एका संशोधन संस्थेत. या संस्थेचं काम कनकाबाईंच्या मते नसतं उद्योगाचं होतं. बाजारात ताकदीच्या पावडरी येतात, उंची वाढवणारे डबे येतात, गुडघ्याच्या गोळ्या येतात. त्या डब्यावर लिहिलंय ते आत आहे का, आहे ते पोटाला बाधत तर नाही, आणि लोक ते घेतात तरी कसे, हे तिथं तपासत. "डब्यावरचं खरं मानायचं नाही, तर डबा घ्यायचा कशाला?" असं कनकाबाईंनी एकदा विचारलं होतं. अदिती म्हणाली होती, "अम्मा, आमच्या साहेबांनी हेच वाक्य भिंतीवर लावायला हवं." त्यावर रागवावं की फुगावं हे त्यांना त्या दिवसभर ठरवता आलं नव्हतं.

या खेपेला संस्थेनं गुडघ्याच्या गोळीची परीक्षा काढली होती. साठीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या बायका हव्या होत्या. तिरुवल्लिकेणीत अशा बायका शोधायला लागत नाहीत, त्या जिन्यांवर आपोआप अडकलेल्या सापडतात. पण अदितीचं तमिळ म्हणजे भाजी घेण्यापुरतं. तिनं वाटलेलं माहितीपत्रक अड्यारच्या कुणा पंडितानं इतक्या शुद्ध तमिळमध्ये लिहिलं होतं, की जन्माच्या तमिळ मामींनाही ते स्तोत्र वाटलं. वरच्या मजल्यावरच्या तुळसीबाईंनी तर कोपऱ्याला हळद लावून मगच सही केली. बाकीच्यांनी सही केली ती एकाच कारणासाठी: कनकामामींनी सांगितलं म्हणून. "माझी सून देते ती गोळी. डोळे मिटून घ्या," असं पाण्याच्या लॉरीसमोर, सगळ्या घागरींच्या साक्षीनं त्या म्हणाल्या होत्या. सर्वांत आधी स्वतःचं नाव घातलं होतं. त्यांच्या उजव्या गुडघ्यानं गच्चीचा जिना सोडला त्याला दोन उन्हाळे झाले होते. वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळवायला तुळसीबाईंच्या पाया पडावं लागे, आणि तुळसीबाई ते कावळ्यांसाठीच वाळवत.

तेव्हा आता गल्लीत अर्ध्या बायका कनकामामींच्या शब्दावर खडू गिळत होत्या.

कनकाबाईंचं शिक्षण तिसरीपर्यंत. पण पंगतीचं शास्त्र त्यांना त्यांच्या सासूनं शिकवलं होतं, आणि त्या शाळेत नापास झालेल्याला पुन्हा बसू देत नसत. जावयाला तूप आणि आचाऱ्याच्या पोराला तेल, असं ज्या घरात होतं त्या घरातली लक्ष्मी मागच्या दारानं जाते, हा तिचा पहिला धडा. लक्ष्मी मागच्या दारानंच का जाते, हे कनकाबाईंनी नव्या नवरीपणी विचारलं तेव्हा पळीचा दांडा बसला होता. तो धडा पक्का झाला.

शुक्रवारी त्यांच्याकडे सहस्रनामाला बायका जमत. त्या शुक्रवारी निरोप गेला: येताना गोळ्यांच्या बाटल्या आणा, देवासमोर ठेवायच्या आहेत. म्हणजे खोटं बोलल्या असं नाही. बाटल्या देवासमोर ठेवल्याच. मग सहस्रनाम झाल्यावर कनकाबाईंनी मोठी पितळी परात मांडली, एकेक बाटली उघडली, आणि सगळ्या गोळ्या परातीत ओतल्या.

"कनका, हे काय गे?" तुळसीबाई घाबरल्या.

"न्याय," कनकाबाई म्हणाल्या. खडूची हकीकत त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितली. मोजक्या म्हणजे अर्धा तास. ऐकून मामींचा संताप झाला. जिची गुडघेदुखी वाढली होती तिला कारण सापडलं, आणि जिची कमी झाली होती तिला आपली बाटली परत हवीशी वाटू लागली. तिनं परातीत हात घातला, तर कनकाबाईंनी तो पळीनं अडवला.

"हात मागे! खरी, खोटी, सगळी एकत्र. आता सगळ्यांना सारखी." दोन्ही हातांनी चुरमा कालवतात तसं त्यांनी परातीत खालीवर केलं आणि पळीपळीनं बाटल्या भरल्या. पळी ती पळी. कुठं दहावीस जास्त, कुठं दहावीस कमी. पण दुजाभाव म्हणून नाही. सगळ्याजणी समाधानानं तांबूल घेऊन गेल्या. कनकाबाईंना त्या दिवशी सासूची फार आठवण आली.

हे सुख पुढच्या पाण्याच्या लॉरीपर्यंत टिकलं.

गल्लीच्या तोंडाशी विद्युलताबाई राहत. निवृत्त मुख्याध्यापिका. इंग्रजीतलं काहीही वाचून दाखवण्याचा गल्लीतला मक्ता त्यांच्याकडे. त्यांचा मुलगा अमेरिकेत, आणि आईवरचं प्रेम तो दरवर्षी मोठाल्या बाटल्यांत भरून पाठवी. या वर्षी आली ती गुडघ्याच्याच गोळ्यांची. एवढी थोरली, की तिच्यात एरवी मुरांबा घालता आला असता. विद्युलताबाई ती लॉरीच्या रांगेत घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी लेबल वाचलं आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं, "कनका मामी, ही गोळी कशाची करतात, ठाऊक आहे?"

"औषधाची."

"कोळंबीच्या सालींची. आणि खेकड्याच्या पाठीची. हे बघा, लिहिलंय."

लॉरीचा नळ सुरू होता, पण कुणाचीही घागर पुढं सरकली नाही. चेन्नईत उन्हाळ्याच्या दिवसांत लॉरीचं पाणी रस्त्यावर वाहून जाणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसालाच समजेल.

"अय्यो, पार्थसारथी!" तुळसीबाईंनी तिथंच कानाला हात लावले. "मी एकादशीलासुद्धा घेतली गे! तुळशीच्या पानाबरोबर!"

"पण निम्मी तर खडूच होती ना?" कुणीतरी आशेनं विचारलं. क्षणभर सगळ्यांच्या डोळ्यांत खडूविषयी असं प्रेम दाटून आलं, जसं कधी शाळेतही आलं नसेल. कालपर्यंत खडू म्हणजे अपमान होता, आज खडू म्हणजे सोवळं. आणि मग, एकेक करून, सगळ्या माना कनकाबाईंकडे वळल्या.

कारण खडू कुणाचा आणि कोळंबी कुणाची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. कनकाबाईंनी सगळ्यांना सारखी वाढली होती.

"मला खडू मिळाला असेल, तर तोही तू बाटवलास," तुळसीबाई म्हणाल्या. वीस वर्षांच्या शेजारात त्यांनी कनकाबाईंना उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं. कनकाबाईंनी घागर उचलली, आणि घरी येऊन बघितली तर रिकामी.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शुक्रवारी सहस्रनामाला पद्मनाभराव आणि कनकाबाई, दोघंच. पद्मनाभराव मध्येच पेंगल्यामुळे भगवंताची बरीच नावं राहून गेली. एका मामीनं पंचगव्य घेतलं, ते तिला बाधलं, आणि त्याचाही दोष कनकाबाईंच्या नावावर पडला. सल्ल्यांना तोटा नव्हता. कोपऱ्यावरच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये राहणारा, गुडघ्यांशी काही संबंध नसलेला एक ब्रह्मचारी कारकूनसुद्धा, "मामी, ग्राहक न्यायालयात जा," असं सांगून गेला. कुणाविरुद्ध, हे त्यानं सांगितलं नाही. विचार केल्यावर कनकाबाईंना ते आपल्याविरुद्धच वाटलं.

आणि सुनेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोळंबीचं नाव घरात काढायचं तर परातीचंही काढावं लागलं असतं, म्हणून कनकाबाईंनी तोंडाला कुलूप घातलं. तेही अड्यारच्या कपाटासारखं, किल्ली दुसऱ्याच्या हाती.

महिना भरला तशी अदिती बाटल्या तपासायला निघाली. किती गोळ्या उरल्या ते मोजायचं, म्हणजे कुणी चुकवली का ते समजतं. एकेका दारावरून ती परत येऊ लागली. एक मामी "झोपल्यात" असं स्वतःच आतून सांगत होती. शेवटी तुळसीबाईंनी दार उघडलं, कारण त्यांच्या दाराला कडीच नव्हती. अदितीनं बाटली मोजली. पुन्हा मोजली.

"मामी, महिनाभर गोळ्या घेऊन बाटलीत दिल्या होत्या त्यापेक्षा जास्त उरल्यात."

"देवाची कृपा," तुळसीबाई क्षीण आवाजात म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मग परात, पळी, कोळंबी, एकादशी, सगळं एका दमात बाहेर पडलं.

अदिती घरी आली ती ओरडली नाही. ओरडली असती तर कनकाबाईंची तयारी होती. 'तुझ्या माहेरी पंगती बसत नाहीत का' इथपासून सुरुवात ठरलेली होती. ती माजघरातल्या झोपाळ्यावर बसली आणि म्हणाली, "अम्मा, गोळी मक्यापासूनची आहे. कोळंबीची नाही. तिरुवल्लिकेणीत करायचं म्हणून साहेबांनी मुद्दाम शाकाहारी मागवली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही सगळ्या कापीत चिकोरी किती घालावी यावर बोलत होता तेव्हा."

कनकाबाईंना ते बोलणं आठवलं. चिकोरी विद्युलताबाई जास्त घालतात, हे त्या दिवशी सिद्ध झालं होतं.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "मका तर मका. मी सांगते सगळ्यांना."

"त्यानं काय होणार? कुणी काय घेतलं तेच आता कळणार नाही. इथल्या सगळ्या बायका अभ्यासातून काढाव्या लागतील. आणि माझी नोकरी या अभ्यासापुरतीच आहे, अम्मा. हा बंद, म्हणजे तीही बंद." तिनं पायानं झोपाळा थांबवला. "विजूला चाकणच्या कारखान्यातून विचारणा आलीच आहे. इतके दिवस माझ्यासाठी म्हणून तो नाही म्हणत होता."

चाकण. पुण्याजवळ. कनकाबाईंनी तो शब्द यापूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि ऐकल्याबरोबर त्यांना तो आवडला नाही. या पोरीच्या मोकळ्या केसांवर, गोड सांबारावर बोलायचं नाही, तर दिवसभर बोलायचं कशावर? पेपरामागच्या माणसाशी? त्या आत गेल्या आणि गुळाचे अधिरसम, आपल्या अनारशांसारखेच, तळायला घेतले. त्यांना राग आला, दुःख झालं किंवा चूक उमगली, तर त्या तळण काढत. तिन्ही एकदम झालं म्हणजे अधिरसम.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन, पद्मनाभरावांना पुढं घालून, त्या रिक्षानं अड्यारला निघाल्या. संस्थेच्या फाटकावर पहारेकरी होता.

"काय काम आहे?"

"गुन्हा कबूल करायचाय," पद्मनाभराव म्हणाले. पोस्टातल्या माणसाला कामाच्या जागी खरं सांगायची सवय.

पहारेकऱ्याकडं त्यासाठी पास नव्हता. त्यानं डब्याकडे बघितलं आणि 'सामान पोचवणे' असा पास फाडून त्यांना मागच्या फाटकानं पाठवलं. लक्ष्मी मागच्या दारानं जाते म्हणतात, कनकाबाई मागच्या दारानं आत गेल्या. तिथं भांडारात बसलेल्या मुलीनं डबा हातातून घेतला, उघडला, हुंगला, त्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि विचारलं, "नमुना कुठल्या कंपनीचा?"

"माझा!" कनकाबाई कडाडल्या. "मी तळलाय!"

"घरगुती," असं लिहून मुलीनं डबा तपासणीच्या फडताळात ठेवला. सहीची पावती दिली. मग तो परत मिळवायला संचालकांचा अर्ज लागतो असं कळलं, आणि संचालक दिल्लीला गेले होते.

अशा रीतीनं रिकाम्या हातानं, म्हणजे यजमानाघरी कधीही जाऊ नये तशा, त्या डॉक्टर जयतीर्थांसमोर उभ्या राहिल्या. हा अदितीचा साहेब. कनकाबाईंनी कोट-टायची अपेक्षा केली होती. पण साहेब कुंभकोणमचा, आणि दोन्ही कानशिलांवर गोपीचंदनाचे ठसे. मठातला आचारी इंग्रजी शिकला तर असा दिसेल.

"चूक माझी आहे," असं म्हणायला कनकाबाई आल्या होत्या. वाक्य रिक्षात घोळवूनही झालं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "पंगतीत अर्ध्यांना खोटं वाढायचं, ही कुठली रीत? मठात असं करता का?"

पद्मनाभरावांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. "मामी," ते म्हणाले, "गोळी घेऊन बरं वाटलं असं लोक सांगतात. पण ते गोळीनं वाटलं, की कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं म्हणून वाटलं, हे कसं ओळखायचं? म्हणून अर्ध्यांना खोटी. कुणी कुणाला फसवत नाही. पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं."

"चिकोरीच्या वेळी," पद्मनाभराव म्हणाले.

"पुन्हा पहिल्यापासून करता येईल," डॉक्टर म्हणाले. "नव्या बाटल्या देतो. पण त्याच बायका स्वतःहून पुढं आल्या पाहिजेत, आणि या वेळी एक गोळी इकडची तिकडं होता कामा नये. या महिन्यात जमलं नाही, तर तिरुवल्लिकेणीचं काम बंद करावं लागेल. माझ्या हातात दुसरं काही नाही."

परतीच्या वाटेवर, मरीनाच्या कडेनं रिक्षा जाताना, कनकाबाईंनी ती थांबवली आणि निखाऱ्यावर भाजत असलेली सगळी कणसं विकत घेतली. हा पुरावा. मग संध्याकाळी त्यांनी कुंकवाचा करंडा काढला. घरी येऊन कुणी कुंकू लावलं आणि जेवायला बोलावलं, तर सवाष्णीला नाही म्हणता येत नाही. भांडण असेना का, ते जेवून झाल्यावर करावं. दारोदार, दुखऱ्या गुडघ्यानं, एका हातात करंडा आणि दुसऱ्या हातात कणसांची पिशवी घेऊन त्या फिरल्या. प्रत्येक दारात वाक्य एकच: "हे बघा तुमचं कोळंब. शुक्रवारी जेवायला या." ज्या घरात जिना होता तिथंही त्या चढल्या, बसत, उठत, पार्थसारथीला शिव्या देत. तुळसीबाईंच्या दारात तर त्या इतक्या धापा टाकत होत्या, की कुंकू कपाळाऐवजी नाकाला लागलं.

शुक्रवारी पंगत बसली. केळीची पानं, सांबार, कोशिंबीर, सगळं यथासांग. डॉक्टर जयतीर्थ सोवळ्यात पहिल्या पानावर. त्यांचे गोपीचंदनाचे ठसे पाहून निम्म्या मामींचा मक्यावर विश्वास बसला; उरलेल्यांचा, त्यांनी सगळ्यांसमोर एक गोळी पाण्याशिवाय गिळली तेव्हा बसला. मग कनकाबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"ऐका. आज माझ्या घरी पंक्तिप्रपंच आहे."

हातातली पळी पडावी तसा आवाज झाला. ती पळीच होती, पद्मनाभरावांच्या हातून पडली.

"पायसम झाकल्या पेल्यांत येईल. निम्म्या पेल्यांत साखर आहे. निम्म्यांत नाही. पेले यांनी भरलेत, मला ठाऊक नाही कुणाला काय. आपापला पेला प्यायचा. शेजारणीला द्यायचा नाही, तिचा चाखायचा नाही. तुळसी! हात मागे!"

तुळसीबाईंचा पेला निम्म्या वाटेवरून परत आला. सगळ्यांनी गुपचूप पायसम घेतलं. कनकाबाई पंगतीच्या एका टोकापासून विचारत निघाल्या.

"कसं झालंय?"

"छान."

"तुमचं?"

"गोड आहे गे, मस्त."

"विद्युलताबाई?"

"साखर अगदी बेताची. अप्रतिम."

टोकापर्यंत सगळ्यांचं पायसम गोड निघालं. एकीचंही बिनसाखरेचं नव्हतं. कनकाबाई उभ्या जागी थिजल्या. स्वयंपाकघराच्या दारात पद्मनाभराव खाली बघत होते.

"अहो, साखर सगळ्यांत टाकलीत की काय?"

"तू सांगितलंस तसंच केलं. निम्म्यांत."

"हेच!" डॉक्टर पानावरून उठू नये हे विसरून अर्धे उठले. "मामी, हेच! म्हणूनच खोटी गोळी लागते! यजमानीण समोर उभी असली, की सगळ्यांना सगळं गोड लागतं!"

मामी हसू लागल्या. आधी एक, मग सगळ्या, तुळसीबाई तर ठसका लागेपर्यंत. अदिती भिंतीला टेकून डोळे पुसत होती. फक्त कनकाबाई हसत नव्हत्या. त्यांना शास्त्र समजलं होतं, आणि ते फार खोलवर लागलं होतं.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या सांबाराला तुम्ही आजवर जे छान छान म्हणालात ते...?"

पंगतीतल्या सगळ्या माना आपापल्या पानात गेल्या. "सांबार खरंच छान आहे," विद्युलताबाई म्हणाल्या, पण आता त्या साक्षीला काय किंमत होती?

तरी त्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा नावं दिली, आणि नव्या बाटल्या आल्या. या खेपेला गल्लीवर पहारा कनकाबाईंचा. कुणी कुणाची बाटली हातात धरली तरी पळी दिसे. "तुझी तू खा. खडू तर खडू. देवानं दिलेलं नशीब बदलून घेता का?" असं त्या लॉरीसमोर विचारत, आणि घागरी पटापट पुढं सरकत. मधल्या काळात अड्यारहून त्यांच्या नावानं एक छापील अहवालही आला: अधिरसमात तेल प्रमाणाबाहेर, बाकी दोष नाही. तो त्यांनी फाडून बंबात घातला, आणि 'बाकी दोष नाही' एवढंच गल्लीत सांगितलं.

सहा महिने झाले. कनकाबाईंचा गुडघा हलका झाला. एक दिवस त्या कुणाला न सांगता गच्चीवर गेल्या आणि स्वतःच्या हातानं वडाम घालून आल्या. तुळसीबाईंना हे कावळ्यांच्या गैरसोयीवरून समजलं.

मग एका रविवारी दुपारी अड्यारचं कपाट उघडल्याची बातमी घेऊन अदिती झोपाळ्यावर येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं, आणि ती ते मावल्यासारखं दाखवत होती.

"अम्मा, निकाल लागला. खऱ्या गोळीवाल्या बायका आणि खोट्या गोळीवाल्या, दोघींना सारखंच बरं वाटलं. गोळीनं म्हणून वेगळं काही झालं नाही."

"म्हणजे एवढं करून काहीच निघालं नाही?"

"हेच तर निघालं! साहेब एवढे खूश आहेत, की पुढच्या कामासाठी मला कायम केलं. ताकदीच्या पावडरी तपासायच्या आहेत. विजूनं चाकणला नाही म्हणून कळवलंसुद्धा."

कनकाबाईंनी पदरानं उगाचच झोपाळ्याची कडी पुसली. "आणि माझ्या बाटलीत काय होतं?"

अदितीनं जीभ चावली. "खडू."

पद्मनाभरावांचा पेपर हळूच खाली आला. लग्नानंतर प्रथमच बायकोचा चेहरा बघायला त्यांनी बातमी अर्धी सोडली होती. कनकाबाईंनी उजव्या गुडघ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"इकडे बघ गे," त्या म्हणाल्या. "या घरात मी आयुष्यभर वाढत आले. कुणाच्या पानात कधी खोटं पडलं नाही. आणि तू, कालची पोर, घरच्या सासूला सहा महिने खडू वाढलास. वर मी तो गोड मानून खाल्ला आणि जिने चढले. माझी सासू असती, तर तुला मागच्या दारानं घालवलं असतं. मी ठेवून घेते. जा, कापी टाक सगळ्यांना. आणि ऐक, हे तुझं अड्यार नव्हे. साखर सगळ्यांना सारखी."